"खोली १० किमी" : भर समुद्रातल्या भूकंपाची बातमी वाचायची कशी?

रत्नागिरीच्या माझ्या मावशीचा एक ठरलेला फोन असतो. व्हॉट्सॲपवर लाल दिव्याच्या इमोजीसकट मेसेज फिरायला लागला की तासाभरात तिचा फोन येतो, "अरे, समुद्रात भूकंप झालाय म्हणे, पाच रिश्टरचा, आणि फक्त दहा किलोमीटर खोल! म्हणजे अगदी वरवरच की रे. लाट येईल का? काका म्हणतायत गाडी काढून हातखंब्याला जाऊ." तिचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे त्यामुळे तिची भीती मला कधीच उगाचची वाटली नाही, २००४ ची सुनामी टीव्हीवर तिनेही बघितलीये आणि मीही. पण दर वेळी फोनवर "काही होत नाही गं" म्हणून वेळ मारून नेणं मला पटत नाही, कारण "काही होत नाही" हे खरं असलं तरी का होत नाही हे कळलं नाही तर पुढच्या मेसेजला भीती परत तेवढीच वाटते. म्हणून हे सगळं एकदा बैजवार लिहून काढतोय, मावशीसाठी आणि ज्यांना ज्यांना असे मेसेज येतात त्या सगळ्यांसाठी.

त्या मेसेजमध्ये सहसा चार गोष्टी असतात. जागा, तीव्रता, खोली आणि वेळ. लोक तीव्रता वाचतात, खोली वाचून घाबरतात आणि जागा वाचतच नाहीत. खरं तर सुरुवात जागेपासून करायला पाहिजे.

"अरबी समुद्रात" म्हणजे नक्की कुठे?

दिल्लीच्या नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजीचं भूकंप नावाचं ॲप आहे, ते उघडून बघितलं तर अशा भूकंपांच्या पुढे बऱ्याचदा "कार्ल्सबर्ग रिज" असं लिहिलेलं दिसतं. आपल्याकडे हे नाव कोणाला माहीत नाही, आणि मला वाटतं माहीत असायला हवं, कारण तो आपला शेजारी आहे, लांबचा का होईना.

रिज म्हणजे समुद्राखालची डोंगररांग. जगातल्या सगळ्या महासागरांच्या तळाशी अशा रांगा एकमेकींना जोडलेल्या आहेत, एकूण लांबी साधारण ६५,००० किलोमीटर, क्रिकेटच्या बॉलला शिवण असते ना तशी ही पृथ्वीची शिवण. त्यातला आपल्या बाजूचा तुकडा म्हणजे कार्ल्सबर्ग रिज. विषुववृत्ताच्या थोड्या खालून, मालदीवच्या नैऋत्येकडून सुरू होऊन वायव्येकडे तिरकी चढत अरबी समुद्राच्या तोंडापर्यंत, म्हणजे येमेनच्या सोकोत्रा बेटाच्या पूर्वेला ती पोचते. नाव बिअरवालंच आहे. १९२८ ते ३० मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी 'डाना' या जहाजावरून जगाची सफर केली, खर्च कार्ल्सबर्गच्या फाउंडेशनने केला होता आणि त्या सफरीत ही रांग सापडली म्हणून तिला ते नाव मिळालं.

आता अंतर. मुंबईपासून या रांगेचा सगळ्यात जवळचा भागसुद्धा साधारण १९०० किलोमीटरवर आहे, गोव्यापासून थोडं कमी. मुंबई ते कोलकाता सरळ रेषेत अंतर मोजलं तर साडेसोळाशेच्या आसपास येतं. कोलकात्याला पाचचा भूकंप झाला म्हणून रत्नागिरीत कोणी घर सोडून पळणार नाही. पण "अरबी समुद्र" हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यासमोर मांडवीचा किनारा येतो, कारण समुद्र आपल्यासाठी तिथेच असतो, तो पुढे सोमालियापर्यंत पसरलाय हे मनात येत नाही.

तिथे होतं तरी काय?

पृथ्वीचा वरचा थर अखंड नाहीये, तो मोठमोठ्या तुकड्यांचा बनलाय, त्यांना प्लेट म्हणतात. कार्ल्सबर्ग रिजच्या एका बाजूला भारताची प्लेट आणि दुसऱ्या बाजूला आफ्रिकेकडची सोमाली प्लेट. या दोन्ही एकमेकींपासून लांब चालल्यात, वर्षाला साधारण दोन ते तीन सेंटीमीटर. मधे फट पडते आणि खालून तप्त खडक वर येऊन ती फट भरतो, गार होतो, नवीन तळ तयार होतो. परत फट, परत भरणं. हे कोट्यवधी वर्षं अखंड चालू आहे.

घरी चिक्की केलीये कधी? पाक गरम असतो तेव्हा लाटलेली चिक्की वाकते, ताणली जाते, तिला हवा तसा आकार देता येतो. पंधरा-वीस मिनिटांनी गार झाली की तीच चिक्की कट्‌कन मोडते. खडकाचंही तसंच आहे. खोलवरचा खडक इतका गरम असतो की ताण आला तर तो मोडत नाही, हळूहळू वाकतो, सरकतो. वरचा गार झालेला पातळ थर मात्र कट्‌कन मोडतो आणि तो "कट्" म्हणजे भूकंप.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. रिजच्या अगदी माथ्यावर खालून सतत उष्णता येत असते म्हणून गार, मोडण्यासारखा थर तिथे पातळ असतो. आणि पातळ चिक्की मोडली तर लहान आवाज येतो. त्यामुळे रिजच्या माथ्यावरचे भूकंप बहुतेक चार, पाच, फार तर सहाच्या आसपास राहतात. भरपूर होतात, पण मोठे होत नाहीत.

रिजपासून जरा बाजूला, जिथे तळ जुना आणि गार झालाय, किंवा जिथे रांग आडवी कापली जाऊन दोन तुकडे एकमेकांना घासत सरकतात, तिथे मात्र मोठे होऊ शकतात. जुलै २००३ मध्ये कार्ल्सबर्ग रिजच्या दक्षिण टोकाजवळ ७.६ चा भूकंप झाला होता. किती जणांना आठवतो? मला तरी त्या वेळी काही कळलेलं आठवत नाही. तिथे जमीन आडवी सरकली आणि किनाऱ्यांवर नुकसान करणारी लाट आली नाही. हे "आडवी सरकली" लक्षात ठेवा, सुनामीच्या वेळी लागणार आहे.

पाच म्हणजे किती? किल्लारी पण सहाचाच होता ना!

हा प्रश्न मला मावशीच्या मिस्टरांनी विचारला होता आणि अगदी बरोबर विचारला होता. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, आणि सुमारे १० हजार माणसं गेली. मग पाचचा भूकंप किरकोळ कसा म्हणायचा?

पहिलं म्हणजे हा आकडा किलो-लिटरसारखा सरळ वाढत नाही. एक आकडा वर गेला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. पाचच्या मानाने सहा ३२ पट, सात हजार पट. त्या हिशेबाने ६.२ ची किल्लारी पाचच्या भूकंपापेक्षा साठ पटींहून मोठी. आणि २००४ ची सुनामी आणणारा सुमात्राचा ९.१ चा भूकंप पाचच्या मानाने काढला तर साधारण चौदा लाख पट येतो. "पाच आणि नऊ, दुप्पटच की जवळपास" असं डोक्यात असेल तर ते काढून टाका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा आकडा भूकंप केवढा आहे ते सांगतो, तुमच्या पायाखाली किती हललं ते सांगत नाही. ढोल-ताशा पथक लक्ष्मी रोडवर वाजवत असतं तेव्हा तिथल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, कोथरूडला तोच ढोल ऐकू येईल न येईल आणि साताऱ्याला काहीच नाही. ढोल तोच, टिपरूही तेच. किल्लारीत ढोल लोकांच्या उशाशी वाजला. भूकंप गावांच्या खाली, कमी खोलीवर झाला, घरं जाड दगडमातीच्या भिंतींची, वर धाब्याचं वजन, लोक आत झोपलेले. माणसं भूकंपाने मेली त्याहून जास्त भिंतींखाली मेली, हे तिथे जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. कोयनेचा १९६७ चा भूकंपही सहाच्या जरा वरचाच होता आणि सुमारे १८० माणसं गेली.

समुद्राच्या मधोमध वर भिंतच नाहीये. दोन-तीन किलोमीटर पाणी आहे आणि त्यावर फार तर एखादं जहाज. त्या जहाजाला मात्र कळू शकतं, जहाज खडकावर घासल्यासारखा हिसका बसला असं खलाशांनी पूर्वीपासून सांगितलंय.

जाता जाता एक गोष्ट, कारण यावरून ग्रुपवर भांडणं बघितलीयेत. एकाच भूकंपाला दिल्लीची संस्था ५.१ म्हणते, अमेरिकेची ४.९, जर्मनीची ५.० आणि लगेच कोणीतरी म्हणतं की बघा सरकार लपवतंय. कोणी लपवत नाही. प्रत्येकाची यंत्रं वेगळ्या ठिकाणी आहेत, लाटांचा वेगवेगळा भाग मोजून आकडा काढायच्या पद्धती पण वेगळ्या आहेत. किल्लारीचाही आकडा कुठे ६.२ तर कुठे ६.४ लिहिलेला दिसतो. आणि तो "रिश्टर स्केल" १९३५ साली चार्ल्स रिश्टर यांनी कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी केला होता, मोठ्या भूकंपांसाठी आता जगभर वेगळी पद्धत वापरतात, पेपरात मात्र सवयीने अजून रिश्टरच छापून येतं.

आता ते "१० किलोमीटर"

मावशीची खरी भीती या आकड्याची आहे. वरवर झाला म्हणजे जोरात झाला असं तिला वाटतं, आणि ते अर्धं बरोबर पण आहे, तुम्ही भूकंपाच्या डोक्यावर उभे असाल तर. पण हा आकडा आधी आला कुठून ते बघू.

भूकंप झाला की त्यातून मुख्य दोन प्रकारच्या लाटा जमिनीतून निघतात, एक वेगाची आणि एक तिच्यामागून येणारी. समजा स्वारगेटहून एकाच क्षणी एक शिवनेरी सुटली आणि एक साधी लाल एसटी सुटली. लोणावळ्याला उभं राहून बघितलं तर दोघींमध्ये थोडा वेळ जाईल, दादरला उभं राहिलं तर बराच जास्त. मधला वेळ किती गेला यावरून तुम्ही स्वारगेटपासून किती लांब आहात ते सांगता येईल, कोणी न सांगता. कार्ल्सबर्ग रिजवर भूकंप झाला तर मुंबईच्या यंत्रावर पहिली लाट साधारण चार मिनिटांत येते आणि दुसरी सातव्या-आठव्या मिनिटाला. मुंबईवरून अंतर कळलं, तसंच नैरोबीवरून, मालदीववरून, ओमानवरून कळलं की नकाशावर वर्तुळं काढायची आणि ती जिथे एकमेकांना कापतात तिथे भूकंप. आता हे कॉम्प्युटर करतो, शेकडो यंत्रांचे आकडे घेऊन, पण डोकं तेच आहे.

जागा अशी सापडते. खोली नाही सापडत. रात्री लांबून, समजा सिंहगडावरून, पुण्यातल्या टॉवरमध्ये एक दिवा दिसतोय. कोणत्या दिशेला, अंदाजे कोणत्या भागात ते सांगता येईल. चौथ्या मजल्यावर की सातव्या, ते नाही सांगता येणार, त्यासाठी त्या सोसायटीच्या गेटपाशी जाऊन वर बघावं लागेल. भूकंपाची खोली नेमकी कळायला एखादं यंत्र जवळ, साधारण भूकंपाच्या खोलीएवढ्याच अंतराच्या आसपास असावं लागतं. आणि कार्ल्सबर्ग रिजच्या जवळ काय आहे? पाणी. सगळ्यात जवळचं बेट शेकडो किलोमीटरवर.

मग शास्त्रज्ञ काय करतात तर खोली ठरवून टाकतात. म्हणजे "इथले भूकंप साधारण वरच्या थरातच होतात, तेव्हा १० धरू आणि जागा-वेळ नीट काढू." हे लपूनछपून नाही, उघड सांगून करतात, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या पानावर तर खोली ठरवून धरली आहे असं लिहिलेलंच असतं. जुन्या याद्यांमध्ये १० च्या जागी ३३ किलोमीटर दिसतं, तेव्हा ३३ धरायची पद्धत होती. तेव्हा भर समुद्रातल्या भूकंपाला "खोली १० किमी" असं दिसलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की खोली कमी आहे आणि नेमकी मोजता आलेली नाही. खरी ४ असेल, ८ असेल, १२ असेल. मोठा भूकंप असेल किंवा लाटांच्या प्रतिध्वनींचा नीट अभ्यास केला तर नंतर हा आकडा सुधारतात, पण पाचच्या भूकंपासाठी तेवढी मेहनत रोज कोण घेणार.

आणि "शॅलो" म्हणजे उथळ, हा शब्दसुद्धा आपल्याला वाटतो तेवढा भयंकर नाहीये. भूकंपशास्त्रात ० ते ७० किलोमीटर सगळं उथळच, ७० ते ३०० मधलं आणि त्याखाली ७०० पर्यंत खोल. जगातले बहुतेक भूकंप उथळच असतात. शिवाय १९०० किलोमीटर लांब बसलेल्या माणसाला भूकंप १० वर झाला काय आणि ३० वर झाला काय, अंतरात फरक चिमूटभर सुद्धा पडत नाही.

सुनामी का येत नाही?

सुनामी वाऱ्याने येणारी लाट नाही, समुद्राचा तळ एकदम वर किंवा खाली झाल्याने सगळं पाणीच ढकललं जातं ती सुनामी. प्लास्टिकच्या टबात पाणी भरा. टबाच्या तळाला खालून बुक्की मारली तर सगळं पाणी उसळतं. तळावरून हात नुसता आडवा फिरवला तर पृष्ठभागावर फारसं काही होत नाही. २००४ ला सुमात्राजवळ हजार किलोमीटरहून लांब पट्ट्यात तळ काही मीटर उचलला गेला, ती बुक्की होती. दोन-अडीच तासांत लाट तमिळनाडूला पोचली, भारतात १० हजारांहून जास्त माणसं गेली आणि सगळे देश मिळून सव्वादोन लाखांच्या वर.

आणि आता उलटं उदाहरण, जे मला फार बोलकं वाटतं. ११ एप्रिल २०१२ ला त्याच सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला आणि दोन तासांत ८.२ चा दुसरा. चेन्नईत इमारती हलल्या, लोक रस्त्यावर आले, किनारे रिकामे केले. लाट आली मीटरभर, तीसुद्धा सुमात्राच्या काही ठिकाणी. कारण तळ आडवा सरकला होता. म्हणजे साडेआठच्या पुढचा भूकंपसुद्धा आडवा असेल तर मोठी सुनामी आणत नाही, मग पाचच्या भूकंपात, जिथे तळ हलला तरी काही सेंटीमीटर आणि तोही दोन-चार किलोमीटरच्या तुकड्यात, तिथे समुद्राला काय कळणार? किनाऱ्यावर मोठी सुनामी यायची तर भूकंप साधारण साडेसातच्या वर आणि तळ वरखाली करणारा असावा लागतो. समुद्राखाली मोठी दरड कोसळली तर गोष्ट वेगळी होऊ शकते, पण पाचच्या भूकंपाने तसं होणं फार विरळा.

हैदराबादला इन्कॉइस नावाची संस्था आहे, २००४ नंतर तिथे सुनामी इशारा केंद्र उभं केलं, ऑक्टोबर २००७ पासून ते चोवीस तास चालतं. हिंदी महासागरात साडेसहा किंवा त्याहून मोठा भूकंप झाला की साधारण दहा मिनिटांत त्यांचं पहिलं पत्रक निघतं. पाचच्या भूकंपाला ते पत्रकच काढत नाहीत. मावशीला मी एवढंच पाठ करायला सांगितलंय, मेसेजमधला आकडा साडेसहाच्या आत असेल तर जेवून घे, वर असेल तर फॉरवर्ड बघत बसू नकोस, इन्कॉइस काय म्हणतंय ते बघ.

पण ही मोठ्या भूकंपाची चाहूल असेल तर?

असेल तर तिथेच, त्याच रांगेवर. एका ठिकाणी खडक मोडला की आसपासच्या खडकावरचा ताण बदलतो हे खरंय, पण तो परिणाम अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, पाचच्या भूकंपाचा फार तर काही किलोमीटर. १९०० किलोमीटरवरच्या कोयनेला किंवा पालघरला त्याने काही होत नाही. २०१२ चा तो ८.६ चा भूकंप एवढा मोठा होता की त्यानंतर काही दिवस जगभर लांब लांब भूकंप वाढलेले दिसले, पण तो त्या प्रकारातला एक विलक्षण मोठा भूकंप होता. पालघरला, डहाणू-तलासरीकडे, नोव्हेंबर २०१८ पासून जे छोटे छोटे धक्के बसत आले त्यांचा आणि समुद्रातल्या रिजचा संबंध जोडणारे मेसेज मी वाचलेत, तो संबंध नाही. प्लेटच्या कडेला होणारे भूकंप वेगळे आणि आपल्या कातळाच्या पोटात होणारे वेगळे.

मग "हल्ली भूकंप वाढलेत" असं का वाटतं? जगात पाच ते सहाच्या मधले भूकंप वर्षाला तेराशेच्या आसपास होतात, म्हणजे दिवसाला तीन-चार, आपण झोपेत असताना, चहा पिताना, आणि त्यातले बरेचसे अशाच निर्जन समुद्रात. १९३१ च्या सुमारास जगभरात भूकंप मोजणारी साडेतीनशेच केंद्रं होती, आता हजारोंनी आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात ॲप आहे. भूकंप तेवढेच आहेत, टिंग वाजणं वाढलंय.

अजून एक शंका, पाण्याखाली कोणी अणुबॉम्बची चाचणी केली नसेल ना? ही शंका वेडी नाही, त्यासाठीच तर जगभर कान लावून ठेवलेत. समुद्रात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने हजारो किलोमीटर जातो आणि अणुचाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने त्यासाठी समुद्रात ऐकणारी केंद्रं बसवलीत, आपल्या महासागरात दिएगो गार्सिया, क्रोझे बेटं आणि ऑस्ट्रेलियाचं केप लीविन इथे. स्फोटाचा आवाज आणि खडक मोडल्याचा आवाज वेगळा असतो, स्फोट सगळीकडे एकसारखा बाहेर ढकलतो, भूकंपात दोन बाजू एकमेकींना घासतात. ते ओळखू येतं.

मावशीने खरंच कशाची काळजी करायची

मला असं अजिबात म्हणायचं नाहीये की कोकणाला समुद्राकडून काहीच भीती नाही. भीती आहे, ती वेगळ्या दिशेला आहे. नैऋत्येकडे बघत बसण्यापेक्षा वायव्येकडे बघायला हवं, पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यालगतच्या मकरानकडे. तिथे एक प्लेट दुसरीच्या खाली घुसते, म्हणजे बुक्की मारणारी जागा. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे साडेतीनच्या सुमारास तिथे ८.१ चा भूकंप झाला. सकाळी आठच्या सुमारास मुंबईत समुद्र चढला, साधारण दोन मीटर, वर्सोव्याला, हाजी अलीला माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत. मधे साडेचार तास होते आणि मुंबईत कोणालाही सांगणारं कोणी नव्हतं. आज ते साडेचार तास मिळाले तर इशारा नक्की येईल, पण त्याआधी पाचच्या भूकंपांवर वर्षातून सहा वेळा "सुनामी येतेय" म्हणून ओरडून झालेलं असेल तर सातव्या वेळी काका गाडी काढणार नाहीत. मला राग येतो तो याचा. फॉरवर्ड करणाऱ्याला वाटतं आपण सावध केलं, प्रत्यक्षात खऱ्या इशाऱ्याचा कान तो बधिर करत असतो.

किनाऱ्यावर असताना जमीन जोरात आणि बराच वेळ, वीस-तीस सेकंद किंवा जास्त हलली, किंवा भरती-ओहोटीच्या वेळेला सोडून समुद्र अचानक लांब मागे हटला तर मोबाइल न बघता उंचावर जायचं. एवढं मावशीला आणि तिच्या शेजारणींना पाठ आहे आता.

जिथे कोणी राहत नाही तिथलं मोजायचं तरी कशाला?

कारण ती रांग आपल्याच घरातून निघालीये. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर लाव्हा पसरला, सह्याद्रीचा काळा कातळ तो. त्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे भूगर्भाच्या हिशेबाने थोड्या, आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटलेला एक तुकडा तुटून निघाला, तो म्हणजे आजचं सेशेल्स, हिंदी महासागरातला बेटांचा देश. मधे जी फट पडली तीच पुढे कार्ल्सबर्ग रिज झाली. सेशेल्सच्या सिल्युएट नावाच्या बेटावर साधारण त्याच काळातले ज्वालामुखीचे खडक अजून आहेत. रत्नागिरीच्या बंदरावर उभं राहून पश्चिमेला बघितलं तर क्षितिजापलीकडे जो खोल समुद्र पसरलाय त्याचा बराचसा तळ त्या एका फटीतून तयार झालाय, आणि पाचचा भूकंप म्हणजे ती फट अजून मिटलेली नाही, काम चालू आहे, एवढंच.

आणि हे आपण सिद्ध कसं केलं तेही याच रांगेवरून. १९६२ मध्ये ड्रमंड मॅथ्यूज यांनी ब्रिटिश जहाज 'ओवेन'वरून कार्ल्सबर्ग रिजचं चुंबकीय मोजमाप केलं, त्यावर फ्रेडरिक व्हाइन यांच्याबरोबर १९६३ ला निबंध लिहिला. पृथ्वीचं चुंबकत्व अधूनमधून उलटं होतं आणि त्याचे पट्टे तळाच्या खडकात उमटलेले असतात, जुना तळ बाजूला सरकतो आणि मधे नवा तयार होतो असं त्यांनी मांडलं. आज शाळेत सातवी-आठवीत जे प्लेटचं चित्र शिकवतात त्याचा पहिला भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या या रांगेतून मिळालाय, हे मला शाळेत कोणीच सांगितलं नव्हतं.

आता तिथे माणसं परत चालली आहेत. खडकांच्या भेगांतून उकळतं पाणी वर येतं तिथे तांबं, जस्त असलेले धातूंचे साठे होतात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने इंटरनॅशनल सीबेड अथॉरिटीशी, म्हणजे खोल समुद्रतळावरच्या खनिजांचं काम बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी, कार्ल्सबर्ग रिजवर १०,००० चौरस किलोमीटरमध्ये त्यांचा शोध घ्यायचा १५ वर्षांचा करार केला. गोव्यातल्या वास्कोची एनसीपीओआर ही ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची सरकारी संस्था या कामात आहे. समुद्राच्या तळावर ठेवायचे भूकंपमापकही असतात, महिनोन्‌महिने तळाशी बसून नोंद करतात आणि मग वर काढून वाचायचे. ते रांगेच्या जवळ बसले तर टॉवरच्या गेटपाशी जाऊन वर बघितल्यासारखं होईल. मावशीला सांगून ठेवलंय की कधी त्या भागातल्या भूकंपापुढे १० च्या ऐवजी ६.४ असा काही आकडा दिसला तर घाबरून नाही, पण मला फोन कर.